आधी गाणी ऐक, मग कागद निवड

या वेळचं पत्र एका तरुण ग्राफिक डिझायनरचं आहे. थोडं आटोपशीर करून देते आहे.

‘ताई, माझ्या मित्राचा पहिला अल्बम दोन महिन्यांनी येतोय. सहा गाणी आहेत, फक्त त्याचा आवाज आणि गिटार. सगळी गाणी त्याच्या आजीच्या घराबद्दल आहेत. आजी गेल्यावर घर रिकामं झालं. रेकॉर्डिंगही त्याने तिथेच रात्री बसून केलं. मध्येच खुर्ची करकरते, ती त्याने मुद्दाम ठेवली. घराच्या चाव्या अजून त्याच्याकडे आहेत, पण महिनाअखेरीस ते नव्या मालकाच्या ताब्यात जाईल. कव्हर मी करावं आणि ते हाताने केलेलं असावं, एवढंच त्याचं म्हणणं. मी मार्बलिंग केलं, लिनो कापला, सायनोटाइप केले, जुन्या मासिकांची कोलाज केली, कापडावर टाके घातले. एकेक सुटं पाहिलं तर छान दिसतं, पण त्यातलं एकही कव्हर वाटत नाही. स्कॅन केल्यावर तर शाळेतल्या हस्तकलेच्या वहीसारखं दिसतं. संगणकावर सुधारलं तर ती फसवणूक होईल का? अल्बमचं नाव त्याला साध्या छापील टाइपात हवंय, मला हाताने लिहायचंय. शंभर सीडीही काढायच्या आहेत, त्यांची वेष्टनं एकेक करून हाताने करावीत असं मनात आहे. कुठलं तंत्र निवडू? – गोंधळलेली’

प्रिय गोंधळलेली,

तू पाच तंत्रं करून पाहिलीस, त्यातली मेहनत वाया गेलेली नाही. पण गाण्यांबद्दल तू ज्या चार ओळी लिहिल्यास, त्या पुन्हा एकदा वाच. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. रेकॉर्डिंग त्याच घरात झालंय, खुर्चीची करकर गाण्यात राहिलीय, आणि चाव्या अजून तुमच्याकडे आहेत. कव्हर कसं करायचं ते यातूनच सुचायला हवं. तू मात्र आधी तंत्र उचललंस आणि मग त्यात गाणी बसतात का ते पाहिलंस. म्हणून प्रत्येक नमुना देखणा झाला आणि एकही या अल्बमचा झाला नाही.

प्रत्येक तंत्राला स्वतःचा स्वभाव असतो. तू काहीही काढलंस तरी तो स्वभाव वर येतोच. मार्बलिंग घे. घट्ट केलेल्या पाण्यावर रंग तरंगतात, पसरतात, एकमेकांना ढकलतात आणि कागद टेकवला की त्या क्षणी जसे असतील तसे उचलले जातात. त्याला केंद्र नसतं, टोक नसतं, कुठेही कापलं तरी सारखंच सुंदर. लांबत जाणाऱ्या, सूर एकात एक मिसळणाऱ्या वाद्यसंगीताला ते शोभेल. एका माणसाने एका खोलीत बसून गायलेल्या गाण्यांना ते फार ओसंडून वाहणारं आहे. तुझ्या मित्राच्या गाण्यात मधे मधे शांतता असणार, आणि मार्बलिंगला शांत बसता येत नाही.

लिनो म्हणजे लिनोलियमचा मऊ तुकडा कापून, त्याला शाई लावून कागदावर छापायचं. त्याचा स्वभाव याच्या अगदी उलट. जिथे कापलं तिथे कागद दिसणार, जिथे ठेवलं तिथे शाई लागणार, मधलं काही नाही. ठाम बोलणाऱ्या संगीताचं ते माध्यम. गायक थॉम यॉर्कच्या २००६च्या ‘द इरेझर’ या अल्बमचं कव्हर चित्रकार स्टॅनली डॉनवुडने लिनोकटमध्ये केलं. पुरात बुडणारं लंडन, लाटांच्या काळ्या-पांढऱ्या रेघा आणि पाण्यासमोर हात उभारलेला एक माणूस. यंत्राच्या ठोक्यांवर चालणाऱ्या त्या संगीताला ही कोरडी, कापीव रेघ फार चपखल बसली. तेच चित्र जलरंगात केलं असतं तर तो धाक राहिला नसता.

सायनोटाइपबद्दल मी जरा थांबून लिहिणार आहे, कारण तुझ्यासाठी तो माझा दुसरा पर्याय आहे. शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४२मध्ये ही पद्धत शोधली. लोहाच्या क्षारांचं द्रावण कागदाला लावायचं, वाळल्यावर त्यावर वस्तू ठेवून उन्हात धरायचं आणि पाण्यात धुवायचं. ऊन लागलेला भाग निळा होतो, वस्तूने झाकलेला पांढरा राहतो. म्हणजे जी वस्तू आता तिथे नाही, तिची जागा तेवढी शिल्लक राहते. रिकाम्या घराच्या गाण्यांना हे भिडतं, नाही का? त्यात वेळेचाही भाग आहे: ऊन जितका वेळ लागेल तितका निळा गडद. तुला हे करायचंच असेल तर एक करून पाहा. सहा गाण्यांचे सहा कागद घे, प्रत्येक कागद उन्हात ठेवताना ते गाणं लाव आणि गाणं संपताच कागद पाण्यात टाक. एकाच दिवशी, डोक्यावर ऊन असताना हे केलंस, तर छोट्या गाण्याचा निळा फिका येईल, लांबलेल्या गाण्याचा खोल. रंग दुसऱ्या दिवसापर्यंत आणखी गडद होत जातो, म्हणून लगेच निकाल देऊ नकोस. सीडीच्या आतल्या पुस्तिकेत प्रत्येक गाण्यामागे त्याचा कागद छापला तर तो प्रयोग सार्थकी लागेल.

तरीही मुख्य कव्हरसाठी मी सायनोटाइप सुचवत नाही. एक तर तो निळा इतका ओळखीचा झालाय की माणूस आधी ‘सायनोटाइप’ पाहतो आणि मग चित्र. दुसरं, घर रिकामं आहे. ठेवायला वस्तूच नाहीत, आणि भिंत काही उचलून उन्हात नेता येत नाही.

पण भिंतीवर कागद नेता येतो.

लहानपणी कागदाखाली नाणं ठेवून वरून पेन्सिल घासलेली असणारच तू. तेच तंत्र. चित्रकार त्याला फ्रोताज म्हणतात; माक्स अर्न्स्टने १९२५मध्ये जुन्या लाकडी फरशीवर कागद ठेवून घासलं आणि लाकडाच्या रेषांतून त्याला जंगलं, पक्षी, अनोळखी प्राणी दिसू लागले, तेव्हापासून ते कलेत मानाने आलं. त्या घराचा दरवाजा, कडी, फरशीचे सांधे, खिडकीचे गज, स्विचबोर्ड, कपाट ओढून ओढून जमिनीला पडलेले ओरखडे, फोटो उतरवल्यावर उरलेलं खिळ्याचं भोक, हे सगळं कागदावर घासून घे. आणि ती खुर्ची, ती अजून तिथे असेल तर सगळ्यात आधी ती.

मी हेच तंत्र का सुचवते आहे, ते नीट सांगते, नाहीतर तुझ्या यादीत सहावं नाव तेवढं वाढायचं. रेकॉर्डिंग करताना हवेची थरथर मायक्रोफोनच्या पडद्याला लागली, तिथून ती नोंदली गेली. गाण्याबरोबर त्या खोलीचा आवाजही आला, कारण तो तिथे होता. घासून घेतलेल्या ठशातही तेच होतं. पृष्ठभाग कागदाला टेकतो आणि स्वतःची नोंद करतो. तू तिथे काही सजवत नाहीस, ठरवून रेखाटत नाहीस. फोटोत घर लांबून दिसलं असतं; ठशाला मात्र ते प्रत्यक्ष लागलेलं असतं, खऱ्या मापात, वाढवलेलं नाही की लहान केलेलं नाही. तुझ्या मित्राने खुर्चीची करकर पुसली नाही, त्यामागची भावना मला हीच वाटते. कव्हरने ती पुढे न्यावी.

तुझी आणखी एक भीतीही यात विरघळते. तू लिहिलंयस की नमुने हस्तकलेच्या वहीसारखे दिसतात. तसं दिसतं, कारण त्यात केलेला हात दिसतो पण कारण दिसत नाही. नुसतं हाताने केलंय एवढ्यावर कुठलंही कव्हर उभं राहत नाही. ॲलेक्स स्टाइनवाइस हा डिझायनर १९३९मध्ये कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये आला तेव्हा तबकड्यांचे संच साध्या तपकिरी-करड्या वेष्टनांत विकले जात. त्याने त्यांवर चित्रं आणली आणि अल्बम-कव्हर नावाचा प्रकारच सुरू झाला. ती हातानेच केलेली होती, संगणक तेव्हा नव्हताच. ती आजही टिकून आहेत ती यासाठी की प्रत्येक चित्र त्या त्या संगीताचं काहीतरी सांगतं. गायक पीटर गेब्रिएलच्या १९८०च्या अल्बमसाठी हिप्नोसिस या संस्थेच्या कलाकारांनी पोलरॉइड फोटो काढला आणि तो उमटत असताना, आतलं रसायन ओलं असताना, वरून दाबून-खरवडून चेहरा वितळवला. अस्वस्थ, स्वतःवरचा ताबा सुटलेल्या माणसांची ती गाणी. चेहरा वितळला त्याला कारण होतं. तीच युक्ती प्रेमगीतांच्या अल्बमला लावली तर ती नुसती करामत होईल.

आता प्रत्यक्ष काम. महिनाअखेर फार लांब नाही, तेव्हा चाव्या घेऊन या आठवड्यातच जा.

कागद पातळ पण चिवट हवा. टिश्यूपेक्षा थोडा जाड, नेहमीच्या छपाईच्या कागदापेक्षा पातळ. फार जाड कागद बारीक रेषा गिळून टाकतो, फार पातळ असला तर कोपऱ्यावर फाटतो. दोन-तीन प्रकारचे घेऊन जा आणि पहिला तास फक्त कोणता कागद कोणत्या पृष्ठभागावर चालतो हे पाहण्यात घालव. मेणाचा खडू वेष्टन काढून आडवा धरायचा. टोकाने घासलं तर रेघा तुझ्या येतात, आडव्या कडेने घासलं तर पृष्ठभागाच्या येतात. ग्राफाइटच्या जाड कांड्याही घे, त्या करडेपणात फार नाजूक उतरतात, पण त्यांना नंतर फिक्सेटिव्ह, म्हणजे ठसा पक्का करणारा फवारा, मारावा लागतो, नाहीतर बोट लागलं की पुसलं जातं. मेणाला त्याची गरज नाही. कागद मास्किंग टेपने चारी बाजूंनी पक्का कर. तो एक केसभर सरकला तरी ठसा दुहेरी येतो. घासताना दिशा एकच ठेव आणि जोर हळूहळू वाढव. पोपडे सुटलेल्या भिंतीवर मात्र जोर देऊ नकोस आणि जुना रंग खरवडू नकोस. जुन्या तेलरंगांत शिसं असू शकतं, त्याची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही. ओल आलेली भिंत सोडून दे, कागद तिथे चिकटतो.

प्रत्येक कागदाच्या मागे लगेच पेन्सिलीने लिही: कुठल्या खोलीतला, कशाचा. घरी आल्यावर वीस कागदांतला कपाटाचा कुठला आणि दाराचा कुठला हे कळेनासं होतं.

आणि मित्राला बरोबर ने. काही ठसे त्यानेच घेऊ देत. तू जोर कुठे देशील आणि तो कुठे देईल यात फरक पडेल, कारण कुठली फळी करकरायची हे त्याला ठाऊक आहे.

एक प्रकार मला मनापासून आवडतो, तो यात नक्की करून पाहा. रंगीत खडूऐवजी पांढरा मेणाचा खडू किंवा साधी मेणबत्ती घेऊन घास. कागदावर जवळजवळ काहीच दिसणार नाही. घरी येऊन त्यावर पातळ केलेली शाई किंवा जलरंग रुंद ब्रशने एकदाच फिरव. मेण पाणी घेत नाही, त्यामुळे जिथे पृष्ठभागाचा उंचवटा होता तिथे कागद पांढरा राहतो आणि भोवती शाई भरते. दाराचे दाणे, कडीची कड, सगळं अंधारातून वर आल्यासारखं दिसतं. रात्री रेकॉर्ड केलेल्या गाण्यांना हा काळोख शोभेल असं मला वाटतं. यासाठी कागद जरा जाड लागतो, नाहीतर पाण्याने सुरकुततो. म्हणून खोल उठावाच्या जागा यासाठी राखून ठेव. ब्रश पुन्हा पुन्हा फिरवू नकोस. एका फेऱ्यात जे येईल ते येऊ दे, बिघडलं तर दुसरा कागद.

मग खरं अवघड काम येतं, निवडीचं. तुझ्याकडे ढीग जमेल आणि सगळंच कव्हरवर घ्यावंसं वाटेल. नको घेऊस. फोनच्या यादीत कव्हर नखाएवढं दिसतं. तिथे लाकडाचे दाणे वगैरे काही दिसत नाही, दिसतो तो एखादा आकार आणि उजेड-अंधाराचा फरक. म्हणून असा ठसा शोध ज्याला ठळक बाह्यरेषा आहे: कडी-कोयंडा, खुर्चीची पाठ, खिडकीच्या गजांची चौकट. बाकीचे त्याच्या आजूबाजूला शांत राहू देत किंवा पुस्तिकेत जाऊ देत. निवडलेली तीन-चार चित्रं फोनवर टाक, हात लांब करून पाहा, मग कृष्णधवल करून पाहा. रंग काढून घेतल्यावरही जे ओळखू येतं, ते टिकतं. गिटार मात्र कव्हरवर नको. ती ऐकू येणारच आहे.

घराचे अनेक ठसे एकाच चित्रात बसवायचा मोह झालाच, तर तो पूर्ण कर, अर्धवट नको. टॉकिंग हेड्सच्या १९७८च्या एका अल्बमवर बँडचं चित्र ५२९ पोलरॉइड फोटो जोडून केलेलं आहे. एवढ्या तुकड्यांनी केलं म्हणून ते चित्र झालं. बारा तुकड्यांत तेच ठिगळकाम दिसलं असतं. तुझ्याकडे वेळ दोन महिनेच आहे, त्यात छपाईचा वेळ धरला तर त्याहून कमी. मी तुझ्या जागी असते तर एकच ठसा घेतला असता.

मापाबद्दल एक उपयोगी गोष्ट. मूळ चित्र फार मोठं करू नकोस. लहान चित्र वाढवलं की कागदाचे तंतू, मेणाचे कण, शाईची कड हे सगळं मोठं होऊन डोळ्यांत भरतं. मोठं चित्र लहान केलं की नेमकं तेच हरवतं, आणि हाताने केलं काय, न केलं काय, सारखंच. डिजिटल वितरणासाठी सहसा ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौरस चित्र मागतात. पाच इंचाचा चौरस ६०० डीपीआयला, म्हणजे इंचामागे ६०० ठिपके धरून, स्कॅन केला की बरोबर तेवढे पिक्सेल मिळतात. सहा इंचाचा केला तर ३६००, म्हणजे कापाकापीला जागा. सीडीची पुस्तिका साधारण बारा सेंटिमीटरची, तिला हे पुरून उरतं. पुढे कधी बारा इंची रेकॉर्ड काढायची ठरली तर याहून जास्त लागेल, म्हणून पहिलाच स्कॅन १२०० डीपीआयला करून मूळ फाइल जपून ठेव. जेपेग नको, टिफमध्ये.

स्कॅनमध्ये जीव जातो अशी तुझी तक्रार आहे, त्याची दोन कारणं असू शकतात. एक, स्कॅनर स्वतःहून चित्र ‘सुधारतो’: पार्श्वभूमी पांढरीफटक करतो, कडा टोकदार करतो. ते सगळे स्वयंचलित पर्याय बंद कर. दुसरं, तुझ्या कापडावरच्या टाक्यांना उंची होती. हल्लीचे बरेचसे पातळ, हलके स्कॅनर काचेला टेकलेलंच स्पष्ट टिपतात, काचेपासून जरा वर असलेलं धूसर होतं. उठाव असलेल्या कामाचा फोटोच काढावा, आणि दिवा एका बाजूने, खालून तिरका लावावा, म्हणजे प्रत्येक टाक्याची सावली पडते. तुझे ठसे सपाट असणार, त्यांना स्कॅनर चालेल. सुरकुत्या पडलेला कागद मात्र आधी जड पुस्तकांखाली दोन दिवस दाबून ठेव.

संगणकावर सुधारणं ही फसवणूक आहे का? नाही. मित्राला विचार, त्यानेही गाणी मिक्स केलीच असतील, कुठे घरघर काढली असेल, आवाज थोडा वर आणला असेल. खुर्चीची करकर ठेवायची आणि विजेची घरघर काढायची, हे त्याने ठरवलं. तूही तसंच ठरव. स्कॅनरच्या काचेवरची धूळ, कागदावर पडलेला केस, काचेच्या कडेची सावली काढून टाक. हाताने किंवा घराने जे केलंय त्याला हात लावू नकोस: घासताना निसटलेली रेघ, टेपच्या कडेशी थांबलेला खडू, शाईचा ओघळ. काळं-पांढरं संतुलन मूळ कागद शेजारी ठेवून जुळव. आणि वरून विकतचे कागदाचे पोत, खोटे ओरखडे, जुनाट दिसण्याचे थर चढवू नकोस. खरा पोत हाताशी असताना खोटा कशाला? ती मात्र फसवणूक म्हणेन मी, आणि नजर असलेल्याला ती लगेच कळते.

धूळ साफ करताना एक सांभाळ. अनुस्वार धुळीच्या कणासारखा दिसतो. अक्षरं त्याच कागदावर असतील तर साफसफाईत एखादा टिंब उडून जातो आणि छापून आल्यावर लक्षात येतं.

अक्षरांवरून तुमचा जो वाद आहे, त्यात मी तुझ्या मित्राच्या बाजूने आहे. तुझं हस्ताक्षर मी पाहिलेलं नाही, ते सुरेखच असेल. पण ठसा खडबडीत आहे, दाणेदार आहे. त्याच्या शेजारी हाताने लिहिलेली अक्षरंही हलू लागली तर डोळ्याला टेकायला जागा राहत नाही. स्वच्छ, सरळ, लहान टाइप शेजारी आला की ठशाचा खडबडीतपणा दुप्पट जाणवतो. टाइप निवडताना मात्र देवनागरीची काळजी घे: फार बारीक शिरोरेषेचा टाइप दाणेदार पार्श्वभूमीवर तुटक दिसतो, आणि वेलांट्या-मात्रा चित्राच्या काळ्या भागात शिरल्या तर लहान आकारात नाव वाचता येत नाही. ठशाच्या वर किंवा खाली कागदाची मोकळी पट्टी ठेवून तिथे नाव बसव. कव्हरवर नाव आणि गायक एवढंच. वेबपत्ता किंवा किंमत लिहू नकोस, डिजिटल वितरक अशी कव्हरं परत पाठवतात. कव्हरवरचं नाव अल्बमच्या नोंदीतल्या नावाशी अक्षरन्‌ अक्षर जुळलं पाहिजे.

हाताने लिहायची हौस आहेच तुला, तर ती पुस्तिकेत भागव. गाण्यांची नावं स्टेन्सिलने कर. पण व, ब, क यांच्या पोटातला भाग कापताच सुटून खाली पडतो, म्हणून आधी कागदावर आखून प्रत्येक पोटाला बाहेरच्या भागाशी जोडणारी बारीक पट्टी ठेव, मगच कटर चालव.

शंभर सीडींचा हिशोब आधीच करू. एका वेष्टनाला दहा मिनिटं धरली तर शंभरांना हजार मिनिटं, म्हणजे जवळजवळ सतरा तास, तेही एकही न बिघडता. अशक्य नाही. जॅझ संगीतकार सन रा आणि त्याच्या वाद्यवृंदातल्या लोकांनी त्यांच्या स्वतःच्या सॅटर्न या लेबलच्या रेकॉर्ड्सची वेष्टनं हाताने रंगवली, चिकटवली, आणि कार्यक्रमांत विकली. एकासारखं दुसरं नसायचं. तुला उत्साह असेल तर कर, पण सगळं नाही, एकच पायरी हाताची ठेव. कव्हर छापून घे आणि प्रत्येक वेष्टनाच्या आत घराच्या ठशांचा एकेक खरा तुकडा घाल. पन्नास मोठे कागद घासून आणलेस, प्रत्येकाचे दोन तुकडे केलेस की शंभर होतात. ऐकणाऱ्याच्या हातात त्या घराला प्रत्यक्ष लागलेला कागद येईल. त्यासाठी घर सोडण्याआधी पुरेसे ठसे घ्यायला हवेत, नंतर वाढवता येणार नाहीत, हे लक्षात ठेवून कागद मोजून ने. ग्राफाइटचे तुकडे तबकडीला लागू देऊ नकोस, मध्ये बटर पेपर घाल. वस्तूचा पोत महत्त्वाचा असतो, तसा तिचा परिणामही: १९८०मध्ये दुरुत्ती कॉलम या बँडच्या पहिल्या अल्बमला फॅक्टरी रेकॉर्ड्सने चक्क सँडपेपरचं वेष्टन दिलं होतं, कपाटात शेजारी ठेवलेली कव्हरं त्याने खरवडून निघावीत म्हणून. त्यांना तेच हवं होतं. तुम्हाला नको आहे.

मासिकांच्या कोलाजबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते. मासिकातला फोटो कापला, फाडला, उलटा चिकटवला तरी त्यावरचा हक्क मूळ हक्कदाराचाच राहतो. विकायच्या कव्हरवर तो परवानगीशिवाय वापरू नकोस. स्वतःचे फोटो घे, किंवा स्वामित्वहक्काची मुदत संपलेली चित्रं. घराच्या फरशीचा ठसा घेताना हा प्रश्नच येत नाही.

मित्राला दाखवायला पंधरा पर्याय घेऊन जाऊ नकोस. तीन ने, छापलेले, खऱ्या मापाचे. ते टेबलावर ठेव, गाणं लाव आणि काही समजावून सांगू नकोस. गाणं संपेपर्यंत तो कशाकडे पुन्हा पुन्हा पाहतो ते बघ.

आणि काम सुरू करण्याआधी तुम्ही दोघं एका पानावर लिहून ठेवा: चित्र अल्बमसाठी वापरायचं, की पोस्टर, टी-शर्टवरही; श्रेयनामावलीत तुझं नाव कसं यायचं; आणि मूळ कागद कोणाकडे राहायचे. मैत्रीत हे विचारायला संकोच वाटतो, पण अल्बम चालला तर हेच प्रश्न उद्या येतात. माझ्या मते कव्हरवरचा मूळ ठसा तुझा, तू केलेलं काम आहे ते. पण उरलेले कागद त्याला दे, ॲसिडमुक्त कागदांच्या थरांत, सपाट ठेवून, गुंडाळी न करता. गुंडाळलं तर मेण एका कागदावरून दुसऱ्यावर उतरतं.